कणकेच्या गोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता सांगतेय तेसुद्धा... जाऊ दे, आधी माशांचं सांगते.

दोन हजार सहाचा उन्हाळा. वॉटफर्डला आमच्या शेजारी डेरेक राहायचे, रिटायर्ड पोस्टमन. त्यांच्या टाकीत मादागास्करचे किलीफिश होते, बोटाएवढे, निळसर. तिकडचे ओढे आटत चाललेत, मासे संपत आलेत, म्हणून ते इथे पिल्लं वाढवत होते. जीव होता त्यांचा त्या टाकीत.

हिपच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी चावी माझ्याकडे दिली. अर्धं पाणी बदलायचं, पण नळाच्या पाण्यात आधी बाटलीतले थेंब टाकायचे, नाहीतर क्लोरीननं मासे मरतात. एवढंच तर काम होतं! पण त्या सकाळी माझी ट्रेन चुकत होती. मी नळाच्या बादल्या तशाच ओतल्या. एका दिवसानं काय होतंय?

आई तेव्हा नागपूरहून आली होती. तळ्यावर पुण्य म्हणून माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात ना, तशा तिनं माझ्याशेजारी उभं राहून चार टाकल्या. संध्याकाळी सगळे मासे उलटे तरंगत होते. बाटलीचं सीलसुद्धा मी फोडलं नव्हतं.

घरी आल्यावर डेरेक वॉकर धरून टाकीपाशी उभे राहिले. "ड्रॉप्स टाकलेस ना?" मी हो म्हणाले. आणि — हे आठवताना इथेच अडकते मी दर वेळी — मीच पुढे म्हणाले, आईनं पीठ टाकलं होतं. ते आईकडे बघून म्हणाले, त्यांना बिचाऱ्यांना कसं माहीत असणार, असू दे.

आईला इंग्रजी येत नव्हतं. "काय म्हणतात गं ते?"

"तुझ्या कणकेनं मेले म्हणतात."

का सांगितलं असं? तिनं मला बादल्या ओतताना बघितलं होतं, म्हणून. तिला शंका यायच्या आत मी तिचं तोंड बंद केलं. तिनं डेरेकपुढे हात जोडले. ती सॉरी म्हणतेय, असं भाषांतरही मीच केलं.

नागपूरला परतल्यावर ती तळ्यावर रिकाम्या हातानं जायची. फोनवर विचारायची, "डेरेकभाऊंना मिळाले का गं मासे?" ते मासे त्यांना परत कधीच मिळाले नाहीत. आईच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसले होते, तेव्हाही तिनं तेच विचारलं. मी म्हणाले, "हो, मिळाले."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझं पाप फिटलं."

मी तिचं पांघरूण नीट केलं. बाटलीचं सांगितलं नाही.