मेथीवाल्या मावशीचं पत्रक

कापसाचा भाव पडला त्या वर्षांत यवतमाळला माझं टायपिंगचं दुकान होतं. मोर्चाची पत्रकं टाईप करून घ्यायला शेतकऱ्यांचा एक कार्यकर्ता यायचा. भर उन्हातही गळ्यात मफलर.

टाईप झालेला कागद तो आधी बाहेर न्यायचा. दुकानासमोर एक मावशी मेथी विकायची. तिच्यापुढे उकिडवा बसून तो सावकाश वाचायचा. तिला न कळलेला शब्द तिथंच खोडायचा आणि मला पुन्हा टाईप करायला लावायचा. मी वैतागायचो. त्याचं एकच म्हणणं, "भाऊ, तिले नाही समजलं त कोनाले समजन?"

एकदा मुंबईचे एक पुढारी स्वतःच पत्रक लिहून घेऊन आले. जागतिकीकरण, विषमता, मक्तेदारी. त्यानं तेही मावशीला वाचून दाखवलं. ती मेथीवर पाणी शिंपडत राहिली. शेवटी म्हणाली, "चांगलं हाय बाप्पा. कोनासाठी लिवलं?"

तो आत आला. "साहेब, हे नाही छापत आमी."

पुढाऱ्यांचा चेहरा लाल झाला. तो मात्र पुन्हा बाहेर जाऊन बसला. "मावशी, आता तूच सांग."

"लिव मंग. कापूस आमचा, आन् भाव सांगनारा हा कोन व्हय? आमच्या वावरात त कधी दिसला नाही."

मोर्चात तेच पत्रक वाटलं गेलं.

आता दुकान नाही, तोही कुठं दिसत नाही. मी अधूनमधून लिहितो. एखादं भारदस्त वाक्य जमलं की नजर आपोआप दाराकडे जाते. बाहेर मेथीवाली नसते. मग मीच ते खोडतो.