माहेरी येऊ नको म्हणणारी आई

सुहासिनी सातिवलीत राहायला आली तेव्हा इमारतीच्या मागे भाताची खाचरं होती. आता गाळे आहेत, गोदामं आहेत आणि त्यांच्याही मागे एक मोकळी जागा, जिथे दिवस मावळला की कोणीतरी गाळ्या-गोदामांतला कचरा पेटवतं. चिंध्या, प्लास्टिक, रबर. काय जळतंय ते वासावरूनच कळतं. तक्रार केली की थोडे दिवस बंद, मग पुन्हा सुरू. नवरा, कृष्णा, तिथल्याच एका गाळ्यात आयुष्यभर खपला. ती स्वतः गोदामातल्या कामगारांना पोळ्या करून देते. त्या धुराला नावं ठेवणं म्हणजे आपल्याच ताटाला नावं ठेवणं, असं तिला वाटायचं. संध्याकाळी खिडक्या लावायच्या, दाराच्या फटीत ओला पंचा कोंबायचा, सकाळी गजांवरची काजळी पुसायची आणि गप्प बसायचं.

लेकीचं, ज्ञानदाचं, लग्न अर्नाळ्याच्या संकेतशी ठरलं. बोलणी करायला आलेल्या त्याच्या आईने, मनोरमाबाईंनी, गॅलरीत उभं राहून नाकाला पदर लावला होता. “इथं मानसं राहतात होय? मला वाटलं नुसते कारखानेच.” सगळे हसले. सुहासिनीही हसली, पण ते बोलणं कुसळासारखं आत रुतून बसलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कोणाला ठरवावं लागत नाही. ज्ञानदाला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून सुहासिनीने डिंक, अळीव, बाळंतशोपा जमवायला घेतलं. जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. ज्ञानदा फोनवर घावन्यांची, कुळथाच्या पिठीची फर्माईश आधीच करून ठेवायची.

जानेवारीत ती थोडे दिवस राहायला आली. थंडीत धूर वर चढत नाही, जमिनीलगत बसून राहतो. खिडक्या बंद होत्या, पंचा होता, तरी तो आला. ज्ञानदा खोकत उठून बसली, दोन्ही हातांनी पोट धरून. उबळ आली की पोट आवळत होतं. सुहासिनी नुसती पाठ चोळत राहिली.

तपासणीला दोघी गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोकल्याचं कारण विचारलं. धूर जितका टाळता येईल तितका टाळा, म्हणाल्या. असल्या हवेत बाळाचं वजन कमी राहण्याची, वेळेआधी जन्माला येण्याची भीती वाढते. तोंडाला फडकं बांधून तो धूर अडत नाही. शक्य असेल तर त्या जागेपासून लांबच राहा. ज्ञानदाने मान डोलावली आणि रिक्षात बसताच माहेरी कधी यायचं याचा बेत सांगायला लागली. या पोरीच्या मनात “त्या जागेत” आपलं घर येतच नव्हतं.

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण ते सासरी कळलं असतं, मनोरमाबाईंनी पुन्हा नाकाला पदर लावला असता. म्हणून तिने सबबी काढल्या. आधी घराला रंग काढायचा होता, मग कृष्णाचा गुडघा दुखायला लागला. तिसऱ्या सबबीला ज्ञानदाने फोनवर तिला मधेच तोडलं.

“आई, मी नको असेन तर तसं सांग.”

दुसऱ्याच दिवशी सुहासिनी अर्नाळ्याला गेली.

मनोरमाबाई अंगणात सुके बोंबील निवडत होत्या. त्यांनी बसायला पाट दिला आणि मानही वर न करता विचारलं, “बाळंतपन आमच्या गळ्यात घालायला आलात ना?” आत ज्ञानदाच्या बांगड्या वाजल्या, पण ती बाहेर आली नाही.

मग सुहासिनीने सगळं सांगितलं. धूर सांगितला, खोकला सांगितला, पोट आवळल्याचं सांगितलं. तुम्ही तेव्हा म्हणालात ते खरं होतं, हेही सांगितलं. “माझ्या घरची हवा माझ्याच नातवंडाला सोसायची नाही, हे कुठल्या तोंडानं बोलू, विहीणबाई?”

मनोरमाबाईंचा हात बोंबलांवरच थांबला. मी कधी काय म्हनाले, असं त्यांनी विचारलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. वर्षभर जो सल सुहासिनीने जपला होता, तो त्यांच्या लेखी एक सहज बोलणं होतं.

“मी पहाटे मासे घ्यायला बंदरावर जाते,” त्या म्हणाल्या, “पोरीपाशी कोन? तुमीच या ना इथं राहायला.”

नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, आमच्याकडे रीत आहे, असं सुहासिनी पुटपुटली.

“मग पानी नका पिऊ. चहा प्या.”

आतून ज्ञानदा हसल्याचं ऐकू आलं.

आता मात्र सुहासिनीला धीर आला. ज्ञानदाच्या खिडकीखालीच पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल होती. करवंट्या आणि नारळाची सोडणं धुमसत होती, वाऱ्याबरोबर धूर थेट खोलीत शिरत होता. तिने तिकडे नुसतं बोट दाखवलं. ती चूल सासूने मांडलेली, तिच्यावरच्या पाण्याने माझी चार पोरं न्हाऊन वाढली, मनोरमाबाई फणकारल्या. पाव्हणी येऊन टेकली नाही तोच घर हलवायला निघाली, असंही ऐकवलं. सुहासिनी या वेळी गप्प बसली नाही. धूर गोदामाचा काय, करवंटीचा काय, पोटातल्या जिवाला दोन्ही सारखेच, एवढंच म्हणाली.

पोळ्यांचं काम शेजारणीकडे सोपवून ती कपडे घेऊन परत गेली, तेव्हा चूल परसात पार कुंपणाजवळ, वाऱ्याच्या उलट अंगाला मांडलेली होती. निघताना कृष्णाने, माझी काळजी करू नको, म्हणून सांगितलं होतं. पण त्याचाही खोकला ती मागे ठेवून आली होती, आणि तो कुठे न्यावा ते तिला ठाऊक नव्हतं.

दारात ज्ञानदाने तिच्या हातातल्या पिशवीला हात घातला.

“ओझं उचलू नको.”

“मग तू लवकर आत ये,” ज्ञानदा म्हणाली, आणि पिशवी तिने सोडली नाहीच.