मागचा आवाज

शशिकांतचा आवाज मी पुसला. त्याला जाऊन पाच आठवडे झाले, आणि हे कबूल केल्याशिवाय त्याच्याविषयी चार शब्द लिहायचा मला अधिकार नाही.

सत्तर सालाच्या आगेमागे आमचा चौघांचा बँड होता, 'लवंगी बीट्स'. शशिकांत, आमचा शशा, गायचा, मी गिटार वाजवायचो. गणपतीत मंडळांपुढे आमची गाणी व्हायची. एकदा एका म्हाताऱ्या पैलवानानं विचारलं, "पावणं, ह्ये गाणं हाय का भांडण?" शशा म्हणाला, "भांडणच हाय मामा, पण सुरात हाय की!"

रेकॉर्डिंग आम्ही शाहूपुरीत, माझ्या काकांच्या गुळाच्या वखारीत करायचो, दुपारी सौदे उरकल्यावर. गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्यांमुळे आवाज घुमत नसे. मात्र चिकट धूळ स्पूलच्या टेप-मशीनवर बसायची. टेपवरचा जुना आवाज पुसणारं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं साफ केल्याशिवाय शशा कुणाला बटण दाबू द्यायचा नाही. "मर्दा, जुनं नीट पुसलं न्हाय, तर ते नव्याच्या मागनं बोलतंय." मग डोळे मिटून 'एक... दोन... तीन...' म्हणायचा. चार कधी म्हणाला नाही. चारला गाणंच सुरू व्हायचं.

मुंबईच्या एका कंपनीनं आमची टेप मागवली. शशाच्या आवाजातली तीन गाणी तयार होती. तो भातलावणीला शाहूवाडीकडे गावी गेला आणि टेप पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे आलं. एकदा तरी कुणीतरी मला ऐकावं, एवढंच डोक्यात होतं... बाकीच्या दोघांना रिहर्सल आहे म्हणून बोलावलं आणि त्याच टेपवर, त्याचा आवाज पुसत, तीच गाणी मी गायलो. हेड पुसायचं काम शशाचं. तो नव्हता, म्हणून ते पुसलंच गेलं नाही.

महिन्यानं टेप परत आली. सोबत चिठ्ठी होती. 'गाणाऱ्याचा आवाज साधारण आहे. पण त्याच्या मागे, किंचित आधी, दुसरं कोणीतरी गातं. ते कोण? त्यांना घेऊन या.'

वखारीत एकट्यानं टेप लावली. माझ्या प्रत्येक ओळीच्या आधी, खोल विहिरीतून यावी तशी, तीच ओळ शशा म्हणत होता. मी पुढे काय गाणार ते त्याला ठाऊक असल्यासारखा... मी झटकन मशीन बंद केलं.

तो गावाहून आला. "काय म्हणाले?"

"नको म्हणाले. आवाज पसंत नाही."

"व्हय?" एवढंच म्हणाला. बोळा घेऊन मशीन स्वच्छ पुसलं, झाकण लावलं. त्यानंतर तो गायला नाही. बँड वर्षभरात मोडला. शशा गावच्या दूध संस्थेत लागला, लोकांच्या दुधाचं फॅट बघत राहिला. जोतिबाच्या यात्रेत भेटायचा, माझ्या पोरांची चौकशी करायचा. त्या टेपबद्दल त्यानं कधीच विचारलं नाही. चिठ्ठी माझ्या कपाटात, टेपखाली पडून होती.

तो गेल्याचं त्याच्या भावानं कळवलं. चौदाव्यानंतर मी मशीन आणि टेप घेऊन त्याच्या घरी गेलो. खुंटीवर त्याचा शर्ट तसाच होता. त्याच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, टेप लावली. माझा आवाज सुरू झाला आणि त्या एकदम पुढे सरकल्या.

"भावजी, तुमच्या मागनं कोण गातंय?"

चिठ्ठीतलाच प्रश्न. मी चिठ्ठी काढून वाचून दाखवली, सगळं सांगितलं. त्या टेपकडे बघत म्हणाल्या, "वीस वरसं संसार केला. घरात कधी गुणगुणल्यालं सुदीक ऐकलं न्हाय मी..."

गाणं संपलं. टेप फिरत राहिली. खरखरीतून हलकेच आलं, 'एक... दोन... तीन...' खुंटीवरचा शर्ट जरासा हलला, वारा नव्हता.

मी वहिनींपुढे हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि मशीनकडे बोट केलं. "मला नगं. त्यास्नी सांगा."

मी मशीन थांबवलं आणि त्याच्यापुढे वाकलो.

"शशा, त्यांनी तुलाच बोलावलं होतं. मी सांगितलं नाही. चुकलो रे... माफ कर."