मांदाराचं मूळ

नवरा गेल्यावर झरीच्या कमलबाईंनी घरामागे सावलीत खंगलेली पांढरी रुई अंगणात भर उन्हात आणून लावली. पाणी बेतानं घातलं, मावा पडला की राख फुंकली. दर शनिवारी मारुतीला तिच्याच फुलांची माळ जाई.

जुन्या मांदाराच्या, म्हणजे पांढऱ्या रुईच्या, मुळात गणपती असतो, असं कुणीसं सांगितलं आणि मुलगा महारुद्र कुदळ घेऊन आला.

"नको रे, मरंल ते!"

"गप बस, आई. देव निघायलाय अन् तुला झाडाची पडली!"

मूळ निघालं. सोंड नव्हती, पोट नव्हतं, नुसतं वाकडं लाकूड.

सून राजेश्री म्हणाली, "रांडमुंडीच्या हातचं पाणी पिऊन देव कसा बसंल तिथं?"

महारुद्रानं मान डोलावली. तेव्हापासून कमलबाईंना तुळशीलाही पाणी घालू देत नाहीत.