पंचवीस जागा आणि धारणीची बाई

माझी नोकरी अमरावतीला, विद्यापीठाच्या संगणक केंद्रात. घर अकोल्याला. रोज गाडीनं अप-डाऊन. स्वभाव तापट, हे घरचेही सांगतात आणि डब्यातले सोबतीही. नियम केला की तो पाळलाच पाहिजे असं मला वाटतं, आणि वऱ्हाडात असं वाटणाऱ्या माणसाची तब्येत बिघडते.

आमच्याकडे आकडेमोडीचं एक महागडं सॉफ्टवेअर आहे. पूर्वी ते वापरायला आमच्या खोलीत येऊन बसावं लागे. मग घरून वापरायची सोय झाली. आपल्या लॅपटॉपवरून नाव आणि पासवर्ड टाकायचा, की झालं. अट एकच होती. घरच्या वापराची लायसन पंचवीस, खोलीतली वेगळी, म्हणून घरून एका वेळी पंचवीसच जण आत. सव्विसावा आला तर ‘सर्व जागा भरलेल्या आहेत’ अशी पाटी दिसायची. सूचना मीच लिहिली होती. ‘सर्व संबंधितांनी कार्य संपुष्टात येताच तत्काळ निर्गमन करावे.’ मला ती फार आवडली होती. वाचली कोणीच नाही.

आमच्या स्टँडवर एसटी अजून मागं सरकत असते, तेव्हाच खिडक्यांतून रुमाल आत पडायला लागतात. रुमाल, दुपट्टा, पिशवी, काहीच नसलं तर छत्री. विशेष म्हणजे त्या रुमालाचा मान सगळे राखतात. जागेचा मालक पान खाऊन सावकाश चढतो, तोवर तिथं कोणी बसत नाही. हीच मंडळी लॅपटॉपसमोर बसणार आहेत, हे मला सूचना लिहिताना सुचायला हवं होतं.

सकाळी दहाला पंचवीसच्या पंचवीस जागा भरायच्या. काम करणारे असायचे सहा-सात. बाकीच्यांचे रुमाल. अर्धा तास काही हालचाल नसली तर माणूस आपोआप बाहेर पडेल, अशी सोय मी केली. त्यावर आठवडाभरात उपाय निघाला. अकोल्यातल्या एका प्राध्यापकांना मी एकदा फोन केला, तो त्यांच्या पत्नीनं उचलला.

“हे तं बाजारात गेले,” त्या म्हणाल्या. “पण तुमी काळजी नका करू. मी येता-जाता माउस हालवून राहिली ना.”

नांदगाव खंडेश्वरच्या कॉलेजातल्या एका बाबूंचं नाव रोज यादीत दिसे. त्यांना विचारलं, तुमचं काय काम असतं?

“काम काईच नाई जी. पण सुरू असलेलं बरं. मंग एखाद्या दिवशी लागलं तं?”

मी फोन ठेवला आणि डब्यातला गिला वडा खाल्ला.

या सगळ्यात एक बाई होत्या. माहेर-सासर दोन्ही अचलपूरचं, नोकरी धारणीच्या कॉलेजात. मेळघाटातल्या बायका रोज काय खातात यावर त्यांचा प्रबंध होता. गावोगाव जीपनं फिरून त्यांनी चारशे घरांतली माहिती स्वतः गोळा केली होती. घरून वापरायची सोय खरं म्हणजे अशांसाठीच होती, कारण धारणीहून अमरावतीला यायचं म्हणजे घाट उतरून अर्धा दिवस बसमध्ये. पण त्यांच्याकडे नेट धड चालायचं ते दुपारी बारा ते दोन, आणि तोवर इकडे सगळे रुमाल पडलेले. आठ महिन्यांत त्यांना घरून एकदाही आत शिरता आलं नव्हतं. प्रत्येक वेळी बस धरून आमच्या खोलीत यायच्या, काम करायच्या आणि परत जायच्या. तक्रार कधी केली नाही. ती त्यांनी करायला हवी होती.

त्या बुधवारी त्यांचा फोन आला. समितीनं शेवटची चार कोष्टकं नव्यानं मागितली होती. त्यांचे मार्गदर्शक शुक्रवारी निवृत्त होणार होते. शुक्रवारी पाचच्या आत त्यांच्या सहीनं प्रबंध गेला नाही, तर नवा मार्गदर्शक शोधायचा आणि अर्धं काम पुन्हा.

“सर, जागाच खाली नाई,” त्या म्हणाल्या. “इथं परीक्षा सुरू हाय, सुट्टी भेटत नाई. एक घंटा भेटला तरी पुरते मले.”

माझ्याकडे लोकांना बाहेर काढायचं बटण आहे. पण एकदा मी ते दाबलं आणि एका ज्येष्ठ बाईंचं दोन दिवसांचं काम उडालं. त्यांनी मला सगळ्या ऑफिससमोर जे ऐकवलं, त्यानंतर मी त्या बटणाला हात लावत नाही. म्हणून मी एकेकाला फोन करत बसलो. सगळे कामात होते. मग हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकली. ‘तातडीच्या शैक्षणिक गरजेस्तव अनावश्यक वापरकर्त्यांनी निर्गमन करावे ही विनंती.’ सूचनेला सतरा अंगठे आले. यादीतून एक नाव हललं नाही. मी खुर्चीत बसून त्या सतराही जणांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गुरुवारी बाराला पुन्हा फोन. बाई रडल्या नाहीत, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

“आजही नाई, सर. परीक्षा सोडून बसनं येऊ का?”

दुपारची बस अमरावतीला पोचेपर्यंत आमच्या खोलीला कुलूप लागलेलं असतं, आणि कोष्टकं त्याच दिवशी मार्गदर्शक सरांपुढे जायला हवी होती. माझं डोकं सणकलं. सूचना तयार करायला वेळ नव्हता. जसं तोंडात आलं तसं ग्रुपवर टाकलं. ‘धारणीची एक बाई कालपासून उभी हाय. उद्या तिले थिसिस द्याचा हाय. कोणी उठता का नाई?’

मी यादीकडे पाहत होतो. पंचवीस. बावीस. सोळा. पटापट नावं जाऊ लागली. अकोल्याचे प्राध्यापक गेले. नांदगावचे बाबू गेले. पाच मिनिटांत यादी रिकामी झाली. खरंच काम करणारे सहा-सात होते, तेसुद्धा उठले. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. आणि मग पंचवीस जागांच्या त्या यादीत एकटं बाईंचं नाव उमटलं.

एकला धारणीचं नेट गेलं. बाई बाहेर फेकल्या गेल्या आणि यादी पुन्हा रिकामी झाली. आता पुन्हा रुमाल पडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. पाऊण तास कोणीही आलं नाही. नेट आल्यावर बाई परत बसल्या. त्या दिवशी ते दोननंतरही टिकलं, पण रखडत. दुपारी चारला अकोल्याच्या प्राध्यापकांचा फोन आला.

“झालं का त्या बाईचं? मी बसू का?”

“अजून नाही झालं, सर.”

“मंग थांबतो ना. घाई काहून करता?”

घाई मी करत नव्हतो, तेच करत होते, पण मी वाद घातला नाही. मला फार बरं वाटत होतं, आणि कालच्या शिव्यांची लाजही वाटत होती. आठ महिने मी त्यांना वापरकर्ते, परवाने, निर्गमन असलं काहीबाही ऐकवत होतो. कोणीतरी उभं आहे, एवढं मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

कोष्टकं संध्याकाळी सरांकडे पोचली. शुक्रवारी सहीपुरती कशीबशी सुट्टी मिळवून बाई पहाटेच्या बसनं आल्या, सरांनी सही केली आणि साडेचारला प्रबंध कार्यालयात जमा झाला. निरोप घ्यायला त्या आमच्या खोलीत डोकावल्या, पण बोलणं काही झालं नाही. परतीची बस सुटायची होती.

सोमवारी दहाला मी यादी उघडली. चोवीस नावं नेहमीची. पंचविसावं बाईंचं. मी लगेच फोन लावला.

“मॅडम, थिसिस जमा झाला ना?”

“झाला ना, सर.”

“मग आता काय करून राहिल्या?”

“काईच नाई, सर. कॉलेजले आज सुट्टी हाय. नेटबी आज सकाळी सातालेच आलं, तं पयलीच येऊन बसली.” मग म्हणाल्या, “आठ महिने उभी होती, सर. आज बसू द्या ना.”

माझ्या तोंडाशी नियम आला होता. तो गिळला.

“बसा,” म्हटलं. “दिवसभर बसा.”