डॉक्टरीणबाईंच्या सुया

बायकांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, ॲप्रन झटकला तरी एखादा पडतो! यवतमाळला मी नर्स होते तेव्हाचे माझे निम्मे किस्से तर डॉक्टरीणबाईंच्या सुयांचेच आहेत.

साठ-एकसष्ट साल असेल. गर्भाशयाचं ऑपरेशन तेव्हा ईथरवर व्हायचं. भूल उतरताना बायका ओकून ओकून बेजार व्हायच्या आणि प्रत्येक उमाशाला टाके ताणले जायचे. बाई कलकत्त्याहून चिनी पद्धतीनं सुया टोचायला शिकून आल्या होत्या. भूल ईथरचीच, ऑपरेशननंतर मनगटाच्या आतल्या बाजूला एक बारीक सुई. बऱ्याच जणींची मळमळ थांबायची. का थांबते विचारलं तर बाई म्हणायच्या, "मलाही माहीत नाही. थांबते ना? मग झालं!"

*

पहिली सुई त्यांनी आमच्या कंपाउंडरला टोचून दाखवायला घेतली. दिवसभर लोकांना इंजेक्शनं देणारा हा गृहस्थ सुई पाहूनच खुर्चीत आडवा! शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "बाई, भूल मस्त देते तुमची सुई!"

*

ढाणकीची एक आजी जागी झाली, मनगटातली सुई पाहिली आणि तिनं दुसरा हात पुढे केला.

"याच्यावर तुळस गोंदून द्या बाई. टोचूनच राह्यल्या तं!"

*

चीनशी लढाई झाली आणि गावातले एक पुढारी तावातावानं आले. "शत्रूच्या सुया आपल्या दवाखान्यात?"

बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला. दोन घोट झाल्यावर म्हणाल्या, "चहाही तिकडूनच आलाय. ठेवा खाली."

पुढाऱ्यांनी चहा संपवला आणि ते घरी गेले.

*

आणि ही शेवंता. वणीकडच्या बंजारा तांड्यावरची, अंगात रक्त नाही, ऑपरेशन मोठं. ऑपरेशननंतर उमासे थांबेनात. टाके तुटले असते तर ती वाचली नसती, हे बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तर रडूच येत होतं. सुई टोचावी, तर दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेले!

सासू खाटेपुढे उभी राहिली. "नवरा जिता असतानी आमच्यात बांगड्या उतरत नाही!"

व्हरांड्यातून नवरा आत आला. "याडी, मी जिताच हावो ना?" म्हणत त्यानं आईला बाजूला केलं, माझ्याकडून साबणाचं पाणी घेतलं आणि बायकोच्या एका हातातली एकेक बांगडी काढून स्वतःच्या हातात चढवायला लागला. पंजा रुंद, त्यामुळे बांगड्या बोटांवरच अडकल्या. खाली पडू नयेत म्हणून तो हात वर धरून खाटेशी बसला.

बाईंनी सुई टोचली. हळूहळू उमासे थांबले, शेवंताला झोप लागली. तो तसाच बसून.

दुपार कलल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईला राहवेना. "काहून गा भाऊ, बांगड्या भरून बसला?"

"बायकोच्या हायेत. मी सांभाळून राह्यलो."

तेवढ्यात शेवंताच्या खाटेवरून बारीक आवाज आला, "हसवू नोको ना, टाके दुखते!"