नावासकट छापलेलं पत्र

कागद उलटून बघायचा असतो, एवढं साधं काम मला जमलं नाही.

आमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांचं पान मी लावतो. निनावी पत्र आम्ही घेत नाही, खाली नाव-पत्ता हवाच. ज्याला नाव छापून यायला नको असेल त्यानं तसं कागदाच्या मागे लिहायचं, असा रिवाज. गावात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळकाकांनी तसं लिहिलं होतं, ठसठशीत अक्षरात, दोनदा अधोरेखित करून. मी मात्र त्यांचं पत्र नाव, दुकान, गल्लीसकट छापून मोकळा झालो. छोट्या गावच्या शाळेत शिकलोय. कागद वाचवायला आम्ही पाठपोट लिहायचो. तरी ही अक्कल.

पत्र कशावर, तर आठच्या मालिकेवर. त्यात दोन पुरुषांचं प्रेम दाखवतात. एक जनावरांचा डॉक्टर, दुसरा रोपवाटिकावाला. गेल्या आठवड्यात डॉक्टरनं दमून दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. झालं! आमच्याकडे एक्केचाळीस पत्रं. ‘ऐन जेवताना हे बघवत नाही,’ असं एकानं कळवलं. टीव्ही बंद करायचं बटण असतं हे त्याला घरात कुणी सांगितलं नसावं. एका बाईंनी विचारलं, ‘यांचं जमलंय ते ठीक, पण रोपांना पाणी कोण घालतंय?’ बाकी सगळा ‘आमच्या मुलांवर काय परिणाम’चा गजर. बाजूनं लिहिलेलं पत्र एकच, काकांचं.

‘खांद्यावर डोकं टेकलं म्हणून एवढा गहजब कशाला? मी आणि माझे मित्र सव्वीस वर्षं एका घरात राहतो. ते दमले की खुर्चीतच झोपतात. मी त्यांचा चष्मा काढून ठेवतो. यात कुणाचं काय बिघडतं, ते कळवावं.’

मित्र म्हणजे गणिताचे निवृत्त सर. काकांच्या दुकानावरच्या खोलीतले ‘भाडेकरू’. गावानं तो शब्द इतकी वर्षं बिनबोभाट चालवून घेतला होता. माझ्या कृपेनं आता तो चालेना.

पत्र छापून आलं त्याच दुपारी मी काकांच्या दुकानात गेलो. खिशात संपादकांनी लिहिलेला खुलासा होता. काका भिंग डोळ्याला लावून बसले होते. वडिलांची नजर गेली तेव्हा पंधराव्या वर्षी या खुर्चीत बसले, ते अजून बसलेलेच. बोलतात अगदी हळू, कारण मोठ्यानं बोललं की फुंकरीनं स्क्रू उडतो. सवयच झाली. रागावले तरी आवाज तेवढाच, त्यामुळे माणसाला जास्त लाज वाटते.

“काका, माझं चुकलं.”

“चुकलंच.” मान वर नाही. “बस. उजेडात नको, बाजूला.”

तेवढ्यात समोरचा हार्डवेअरवाला आला. “काका, माझं भिंतीवरचं घड्याळ राहू द्या. दुसरीकडे दाखवतो.”

“उघडलंय रे ते.”

“असू दे.”

काकांनी काटे, चक्रं, स्क्रू एका पाकिटात भरले आणि पुढे केले. “मोजून घे. नंतर म्हणशील, एक काटा ठेवून घेतला.” तो न मोजताच गेला.

त्याच्या मागोमाग इस्त्रीवाल्या मावशी आल्या, गजराचं घड्याळ घेऊन. काकांनी कानाला लावलं. “हे तर चाललंय.”

“चालतंय हो. मला बसायला काहीतरी निमित्त नको का?” मग जिन्याकडे तोंड करून मावशी ओरडल्या, “सर! शनिवारी माझ्या नातवाला भूमिती शिकवणार आहात ना? नाहीतर पोरगं नापास होईल, आणि मी तुमच्या दारात येऊन बसेन!”

मग त्या बाकावर टेकल्या.

“वर सकाळपासून आतून कडी आहे,” काका मला म्हणाले. “ताट पायरीवर ठेवतो. ताट रिकामं परत मिळतं, माणूस मिळत नाही. उद्याच्या गाडीनं बहिणीकडे जातो म्हणतोय. कायमचा.” चिमटा खाली ठेवला. “पत्र लिहिताना त्याला विचारलं नव्हतं मी. म्हटलं, नाव कुठं छापून येणार आहे!”

मी खुलासा पुढे केला. ‘सदर पत्राचा उल्लेखित व्यक्तींशी कोणताही संबंध नाही.’ काकांनी भिंगातूनच वाचला.

“नाव छापलंस ती चूक तुझी. मजकूर माझा आहे, तो मी परत घेणार नाही. पण त्याला हेच हवं असेल तर...” त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “जा, त्यालाच विचार.”

मी वर गेलो. दार वाजवलं. “कोण?” “पेपरवाला.” “मग तर मुळीच नाही.” शेवटी कागद दाराखालून सरकवला आणि उतरलो. खाली काका दुसरं घड्याळ उघडत होते. झाकण काही केल्या निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या कचेरीत हजर. संपादक खुर्चीतून ताडकन उठले. त्यांनी गणितात सरांच्या हातून दोनदा भोपळा घेतलेला आहे.

“हे कुणी लिहिलं?” सरांनी खुलासा टेबलावर ठेवला. ‘कोणताही संबंध नाही’वर लाल शाईची फुली.

“सर, तुमच्या सोयीसाठीच...”

“माझी सोय मी बघतो. छापायचं तर खरं छाप. सव्वीस नाही, अठ्ठावीस वर्षं. पहिली दोन त्यानं धरली नाहीत. का, तर तेव्हा मी भाडं द्यायचो म्हणे! भाडं देणारा माणूस घरात राहत नाही का?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मग बहिणीकडे?”

सर माझ्याकडे वळले. “तुझ्यावरचा राग वेगळा आहे, तो सावकाश काढेन.” मग आवाज एकदम काकांइतका खाली आला. “आज पहाटे पायरीवर माझी गोळ्यांची डबी होती. वारांप्रमाणे भरलेली. जाऊ नको असं एका शब्दानं म्हणाला नाही तो. पण घरात महिन्याच्या गोळ्या असताना भरल्या होत्या सातच दिवसांच्या. म्हणजे आठव्या दिवशी परत ये.”

संपादक उगाच कागद नीट करत राहिले.

त्या संध्याकाळी आठला मी मुद्दाम दुकानावरून गेलो. शटर अर्धं उघडं होतं. आत मालिका चालू होती, मावशी बाकावर बसून दोघांनाही कथानक समजावत होत्या, आणि सर दर वाक्यात त्यांची चूक काढत होते. मला कुणी आत बोलावलं नाही. बरोबरच होतं.

दुरुस्तीचा मजकूर मी त्याच दिवशी तयार केला होता: ‘सव्वीसऐवजी अठ्ठावीस वाचावे.’ एकच ओळ. पहिल्यांदा तिच्या जागी टायरची जाहिरात आली, मग शोकसभा, मग वधू-वर मेळावा. संपादक म्हणतात, बघू, जागा झाली की लावू. दोन महिने झाले. सर रस्त्यात दिसले की नमस्काराआधी त्या राहिलेल्या दोन वर्षांची दोन बोटं वर करतात, आणि मी मान खाली घालतो.